ड्रॉइंग कुणाला दाखवायचं?

“फुकट मिळतंय तर विकत कशाला घ्यायचं?”

काकांचा प्रश्न रास्त होता. जुलै 2025 मध्ये एअरटेलने आपल्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी या एआय सहायकाची सशुल्क सेवा वर्षभरासाठी मोफत दिली. ऑक्टोबर सरता सरता जिओने जेमिनायची सशुल्क सेवा 18 महिन्यांसाठी मोफत देऊ केली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओपनएआयने चॅटजीपीटीची महिना 399 रुपयांची ‘गो’ योजना भारतात वर्षभरासाठी फुकट केली. त्यामुळे भोसरीच्या कुठल्याही शॉपफ्लोअरवर आज सुपरवायझरपासून डिस्पॅचच्या मुलापर्यंत सगळ्यांच्या खिशात दोन-तीन सल्लागार असतात, आणि त्यासाठी मालकाने एक रुपयाही खर्चलेला नसतो.

यातले काका आणि त्यांची पुतणी म्हणजे कुणी एक ठरावीक माणसं नव्हेत. पण भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात ज्यांचा वावर आहे त्यांना दोघंही ओळखीची वाटतील. काकांचा पन्नासेक कामगारांचा कारखाना. सीएनसी आणि व्हीएमसीवर ब्रेकचे आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग निघतात आणि चाकणच्या मोठ्या पुरवठादारांकडे जातात. पुतणी हिंजवडीत नोकरीला. कंपन्यांना त्यांच्या स्वतःच्या कागदपत्रांवर चालणारे सहायक बांधून देणं हेच तिचं काम. बोलणं झालं ते गुरुवारी, कारण गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते आणि काकांना घरी निवांत जेवायला मिळतं. यात नव्या यंत्राचं कौतुक वयस्कर माणसाला होतं आणि हात आखडता घेत होती ती तरुण मुलगी. बाहेर समज याच्या उलट आहे, पण कारखान्यांमधून हे चित्र आता बरंच दिसतं.

“हे बघ,” काका म्हणाले, “जर्मन गिऱ्हाइकाचा मेल आला की पूर्वी माझा अर्धा दिवस जायचा. आता दहा मिनिटांत उत्तर. कामगारांसाठी मराठीत सूचना लावायची असो, जीएसटीच्या नोटिशीत काय म्हटलंय ते समजून घ्यायचं असो, सगळं होतं. परवा तक्रार आली, तर अख्खा एट-डी रिपोर्ट लिहून दिला त्याने.”

एट-डी म्हणजे वाहन उद्योगात तक्रारीला उत्तर देण्याची आठ टप्प्यांची पद्धत: दोष काय, तात्पुरता बंदोबस्त काय, मूळ कारण काय, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. तो नीट लिहिलेला नसला तर गिऱ्हाईक परत पाठवतं.

“आणि त्याला काय काय दिलंत?” पुतणीने विचारलं.

“तक्रारीचा मेल, इन्स्पेक्शन रिपोर्ट आणि ड्रॉइंगचा फोटो. त्याशिवाय त्याला कळणार कसं?”

“ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात, टायटल ब्लॉकमध्ये, काय छापलेलं असतं काका?”

काकांना ते पाठ होतं. हे ड्रॉइंग आमच्या मालकीचं आहे, लेखी परवानगीशिवाय त्याची प्रत काढू नये, तिऱ्हाइताला दाखवू नये. आरएफक्यूसोबत, म्हणजे गिऱ्हाईक दर मागवतं तेव्हा, गोपनीयतेच्या करारावर सही होते ती याच कारणासाठी.

पुतणीने सॅमसंगचं उदाहरण दिलं. मार्च 2023 मध्ये सॅमसंगच्या सेमीकंडक्टर विभागाने अभियंत्यांना चॅटजीपीटी वापरायला मोकळीक दिली. काही आठवड्यांतच तीन प्रकार उघडकीला आले. एकाने बिघडलेला सोर्स कोड दुरुस्तीसाठी त्यात टाकला. दुसऱ्याने सदोष यंत्रं हुडकणारा कोड दिला. तिसऱ्याने बैठकीचं ध्वनिमुद्रण लिहून काढलं आणि इतिवृत्त तयार करायला चॅटबॉटकडे सोपवलं. तिघांपैकी कुणाच्याही मनात चोरी नव्हती, तिघांनाही काम लवकर उरकायचं होतं. मे महिन्यात कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली आणि नोव्हेंबरमध्ये ‘गॉस’ नावाचं स्वतःचं मॉडेल जाहीर केलं.

“सॅमसंगकडे चिपचं गुपित होतं. आपलं बुशिंग पळवून कोण काय करणार?”

“पळवण्याचा प्रश्नच नाही. ड्रॉइंग आपलं नाहीये.”

यावर काकांनी जो मुद्दा काढला तो कुठल्याही परिसंवादात सहसा ऐकू येत नाही. “प्लेटिंगला माल पाठवतो तेव्हा ड्रॉइंगची झेरॉक्स सोबत जातेच ना? हीट ट्रीटमेंटवाल्याकडे जाते, गेज बनवणाऱ्याकडे जाते. तेही तिऱ्हाईतच. मग हा एक तिऱ्हाईत जास्तीचा.”

“अगदी बरोबर. तो जॉबवर्करच आहे,” पुतणी म्हणाली. “मग त्याला जॉबवर्करचे नियम लावा. प्लेटिंगवाल्याचं शेड तुम्ही स्वतः जाऊन बघून आलात. तो गिऱ्हाइकाच्या मंजूर यादीत आहे. त्याला तुम्ही अख्खं ड्रॉइंग देत नाही, कोटिंगची जाडी आणि जिथं कोटिंग नको तो भाग एवढंच देता. आयएटीएफच्या क्वालिटी ऑडिटरने विचारलं तर तुमच्याकडे त्याची फाइल आहे. या फुकटवाल्याची फाइल कुठाय?”

या वादात एवढी उपयोगी तुलना दुसरी नसावी. ‘पब्लिक की घरचा’, म्हणजे सगळ्यांसाठी खुला बॉट वापरायचा की आपल्या कागदांवर चालणारा स्वतःचा सहायक बांधायचा, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी बंदी घालायची की मोकळं सोडायचं अशा टोकांवर जाऊन बसतो. जॉबवर्क कसं द्यायचं, काय द्यायचं, कुणाला द्यायचं याचा हिशेब मात्र भोसरीतल्या मालकाला आयुष्यभराच्या सवयीने येतो. त्यासाठी त्याला सल्लागार लागत नाही.

हिशेबाची पहिली ओळ खात्याच्या प्रकाराची. वैयक्तिक खात्यावर, मग ते फुकट असो वा 399 रुपयांचं, सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं नाही तर आपलं बोलणं मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं. कंपन्यांसाठीच्या योजनांमध्ये आणि एपीआयमधून, म्हणजे थेट आपल्या सॉफ्टवेअरला जोडून, घेतलेल्या सेवेत ओपनएआय मुळातच तसं करत नाही, तसं त्यांच्या अटींत लिहिलेलं आहे. हा फरक कागदावरचा नाही हे 2025 मध्ये दिसलं. न्यूयॉर्क टाइम्सच्या खटल्यात मे महिन्यात अमेरिकी न्यायालयाने ओपनएआयला चॅटजीपीटीचा मजकूर, वापरणाऱ्याने पुसलेलासुद्धा, जपून ठेवायला सांगितलं. तो आदेश सप्टेंबरपर्यंत चालू होता. एंटरप्राइज ग्राहक आणि मजकूर साठवायचाच नाही असा करार असलेले एपीआय ग्राहक त्यातून वगळलेले होते. ज्यांनी ‘डिलीट केलं म्हणजे गेलं’ असं धरलं होतं, त्यांच्या मजकुराचं काय करायचं हे चार-पाच महिने परदेशातलं एक न्यायालय ठरवत होतं.

“म्हणजे चांगलं खातं घेतलं, पैसे भरले, की झालं,” काकांनी लगेच निष्कर्ष काढला. “मग तुझा घरचा सहायक हवाय कशाला?”

पुतणीची खरी बाजू इथून सुरू झाली. तिच्या मते गोपनीयता हे घरच्या सहायकाचं दुय्यम कारण. “पातळ भिंतीच्या बुशला ओव्हॅलिटी येतेय असं बाहेरच्या बॉटला विचारलं तर तो सांगेल, चकचा दाब कमी करा. ते पुस्तकातही आहे. पण आपण हाच प्रश्न मागे एकदा सॉफ्ट जॉ बदलून सोडवला होता, आणि त्याचा एट-डी गिऱ्हाइकाने मान्यही केला होता, हे त्याला कुठून कळणार? ते तुमच्या क्वालिटीच्या साहेबांना माहीत आहे. ते रजेवर असले की कुणालाच माहीत नसतं.”

ही यंत्रणा चालते ती अशी. कंपनीच्या कागदांचे लहान लहान तुकडे करून त्यांची सूची बांधतात. प्रश्न आला की आधी त्या सूचीतून जुळणारे तुकडे शोधायचे, ते मॉडेलपुढे ठेवायचे, आणि त्यांच्या आधारे उत्तर लिहायला सांगायचं, कुठल्या कागदावरून लिहिलं त्याच्या उल्लेखासह. मॉर्गन स्टॅन्लीने 2023 मध्ये आपल्या सल्लागारांसाठी सुमारे एक लाख कागदपत्रांवर असा सहायक चालू केला, आत मॉडेल जीपीटी-4. जेपी मॉर्गनने 2023 मध्ये कर्मचाऱ्यांच्या चॅटजीपीटी वापराला आवर घातला आणि पुढच्या वर्षी स्वतःचं ‘एलएलएम स्वीट’ दिलं, पण त्याच्याही आत बाहेरचीच मॉडेलं. महाराष्ट्र पोलिसांचं उदाहरण तर घरचंच. नागपूरच्या ‘मार्व्हल’ या सरकारी कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या मदतीने तपासासाठी ‘महाक्राइम ओएस’ उभं केलं. नागपुरातल्या 23 ठाण्यांत ते वापरून पाहिल्यावर, राज्यातल्या 1100 ठाण्यांत नेण्याची घोषणा डिसेंबर 2025 मध्ये झाली. एफआयआर आणि जबाब कुणी हवालदाराच्या मोबाइलवरच्या फुकट बॉटमध्ये टाकू नयेत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. त्याच वर्षी 29 जानेवारीला केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीकसारखी साधनं टाळायला सांगितलं होतं.

“म्हणजे तू घरचा म्हणतेस तोही भाड्याचाच,” काका म्हणाले. “मेंदू मायक्रोसॉफ्टचा, नाव आपलं.”

पुतणीने ते मान्य केलं. पूर्ण घरचा हवा तर लामा, जेम्मा, क्वेन यांसारखी उतरवून घेता येणारी मॉडेलं आहेत. आठ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल 16 बिटांत सुमारे 16 जीबी जागा घेतं, आकडे चार बिटांत दाबून बसवले तर चार-पाच जीबीत मावतं, म्हणजे गेमिंगच्या संगणकातल्या ग्राफिक्स कार्डावरही चालतं. भोसरीतल्या ऑफिसात असा एक डबा ठेवणं अजिबात अशक्य नाही. पण तो डबा मराठीत अडखळतो. छोट्या मॉडेलांनी मराठी फार कमी वाचलेलं असतं. पुण्यातल्याच ‘एल-थ्री-क्यूब’ या गटाने 2022 मध्ये सुमारे अडीच कोटी मराठी वाक्यांचा ‘महाकॉर्पस’ खुला केला ते ही उणीव भरून काढायला. मोठी भाड्याची मॉडेलं या बाबतीत पुढे गेली. मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आलं तेव्हा ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात, एका मराठी मजकुराचे आधीच्या पद्धतीने 96 तुकडे (टोकन) पडत होते ते 33 वर आले. एपीआयचं बिल या तुकड्यांवर निघतं, तेव्हा दर तोच धरला तरी अशा मजकुराचा खर्च एका फटक्यात तिसऱ्या हिश्श्यावर आला.

“आणि सर्व्हर आपल्या छपराखाली असला की सुरक्षित, हे तुला कोणी सांगितलं?” काकांनी आता पुण्याच्या वर्मावरच बोट ठेवलं. “कॉसमॉस विसरलीस?”

पुण्यात हे नाव घेतल्यावर समोरच्याला थोडं थांबावंच लागतं. ऑगस्ट 2018 मध्ये, 1906 साली स्थापन झालेल्या या सहकारी बँकेच्या यंत्रणेत गणेशखिंड रस्त्यावरच्या मुख्यालयात मालवेअर शिरलं. बँकेची परवानगी न विचारता व्यवहार मंजूर करणारी एक बनावट वाट हल्लेखोरांनी तयार केली. 11 ऑगस्टला बनावट कार्डांवर 28 देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे निघाले आणि 13 ऑगस्टला स्विफ्टमार्गे 13 कोटी 92 लाख रुपये हाँगकाँगला गेले. एकूण 94 कोटी 42 लाख. बँकेचा कारभार कुणा परक्या चॅटबॉटवर नव्हता, तिच्या स्वतःच्याच यंत्रणेवर होता. आणि बँकेकडे निदान यंत्रणा सांभाळणारी माणसं होती. काकांच्या कारखान्यात संगणकाचं सगळं बघणारा मुलगा एकच, तोच सीसीटीव्हीही बघतो.

कागद आत ठेवले म्हणून ते आतच राहतात असंही नाही. जून 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या कंपन्यांसाठीच्या सहायकात ‘इकोलीक’ नावाची त्रुटी जाहीर झाली. बाहेरून एक मेल यायचा, त्यात माणसाच्या नजरेत न येणारी आज्ञा दडवलेली, आणि कर्मचाऱ्याने पुढे काहीही विचारलं की सहायक ती आज्ञा पाळून आतली माहिती बाहेर धाडू शकत होता. क्लिकसुद्धा करावं लागत नव्हतं. मायक्रोसॉफ्टने ती बुजवली, कुणाचं नुकसान झाल्याचं आढळलं नाही. पण सहायकाला सगळं वाचायची मुभा दिली की त्याला फितवणाऱ्यालाही ती मिळते, हे उघड झालं.

चुकीची जबाबदारी कुणाची, यावर मात्र दोघांचं पटकन एकमत झालं. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरच्या बॉटने एका प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीचं सांगितलं. कंपनीने ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणापुढे चक्क असा पवित्रा घेतला की बॉट स्वतःच्या बोलण्याला स्वतः जबाबदार. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि सुमारे 812 कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये केएमजी वायर्स या कंपनीचा करनिर्धारण आदेश रद्द केला. कंपनीने 3.09 कोटी उत्पन्न दाखवलं होतं, आदेशात ते 27.91 कोटी धरलं होतं, आणि आधाराला घेतलेले न्यायनिवाडे अस्तित्वातच नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने दिलेलं तपासल्याशिवाय वापरू नका, असं न्यायालयाने सुनावलं.

“ती बाहेरच्या बॉटची चूक असेल,” पुतणी म्हणाली खरी, पण तिलाही न्यूयॉर्क ठाऊक होतं. तिथल्या महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये छोट्या व्यावसायिकांसाठी मुद्दाम बांधून घेतलेला बॉट चालू केला. पुढच्या मार्चमध्ये ‘द मार्कअप’च्या पत्रकारांनी त्याला प्रश्न विचारून पाहिले, तर मालकाने नोकरांच्या टिप्समधला वाटा घ्यायला हरकत नाही, असा बेकायदा सल्ला तो देत होता. त्याचा आधार होता महापालिकेच्याच संकेतस्थळावरची पानं.

आता वाद जिथं खरा रंगला तिथं येऊ. पुतणीने विचारलं, “समजा सहायक बांधला. त्याला वाचायला काय देणार?”

“शेअर्ड फोल्डर आहे की.”

त्या फोल्डरचं वर्णन करायला कुणाला भोसरीला जायला नको. एकाच पार्टच्या नावाने ‘फायनल’, ‘फायनल 2’, ‘फायनल लेटेस्ट’, ‘गिऱ्हाइकाने पाठवलेलं’. ड्रॉइंगची रिव्हिजन बी, सी आणि डी, तिन्ही शेजारी शेजारी. बी आणि डी मध्ये फरक एवढाच की बोअरचा टॉलरन्स बदलला आहे. शॉपफ्लोअरवर चुकीची रिव्हिजन जात नाही, कारण डॉक्युमेंट कंट्रोलचा शिक्का मारलेली प्रतच मशीनवर लावायची अशी शिस्त आहे. शिवाय ऑपरेटरला शंका आली तर तो विचारतो. सहायकाला शंका येत नाही. त्याच्या लेखी तिन्ही कागद सारखेच खरे. बी मधला मजकूर प्रश्नाशी जास्त जुळला तर तो बी मधला टॉलरन्स सांगेल, वर फाइलचं नावही देईल, आणि नाव दिलंय म्हटल्यावर नवखा मुलगा त्यावर विश्वास ठेवील.

“तीन हजार नग स्क्रॅप,” काका म्हणाले. असा आकडा ते विचार न करता सांगू शकतात.

पुतणीचा अनुभवही तोच. पैसे मॉडेलला लागतात असं गिऱ्हाईक समजून येतं, आणि महिने जातात ते कुठला कागद चालू, कुठला रद्द, कुणी काय पाहायचं हे ठरवण्यात. पगारपत्रक आणि कामगारांच्या आधारच्या प्रती त्याच फोल्डरात सापडतात. तिथं 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा येतो. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत, दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी आहे. माहितीवर प्रक्रिया बाहेरच्याने केली तरी उत्तर द्यायचं ते ज्याच्या कामासाठी ती घेतली त्यानेच, म्हणजे मालकानेच. जॉबवर्करकडे बोट दाखवून सुटका नाही.

एमआयटीच्या ‘नांदा’ प्रकल्पाच्या जुलै 2025 च्या अहवालात, बाहेरच्या भागीदाराकडून घेतलेले प्रयोग घरात बांधलेल्यांपेक्षा दुपटीने यशस्वी ठरल्याचं म्हटलं होतं. अहवालाच्या पद्धतीवर टीकाही झाली, आणि त्यातल्या टक्केवाऱ्या डोळे मिटून घ्याव्यात असं नाही. पण त्यामागचं एक कारण हिंजवडीच्या जवळ असणाऱ्या मालकाला कुणी समजावून सांगायला नको. सहायक बांधणारा हुशार मुलगा वर्षभरात चाळीस टक्के वाढीवर दुसरीकडे जातो आणि त्याने काय कुठं जोडलं होतं ते कुणालाच माहीत नसतं.

जेवण झाल्यावर दोघांनी जे ठरवलं त्याला ना धड पब्लिक म्हणता येईल, ना घरचा. मेल, भाषांतर, सूचना यांसाठी कारखान्याच्या नावाने व्यावसायिक खाती घ्यायची, फक्त ज्यांना लागतात त्या आठ-दहा जणांना. वैयक्तिक मोबाइलवर गिऱ्हाइकाचा कागद टाकायचा नाही, आणि हे मराठीत लिहून लावायचं. घरच्या सहायकाची सुरुवात एकाच ढिगापासून: गिऱ्हाइकाने मान्य करून बंद केलेले जुने एट-डी. त्यांना रिव्हिजन नसते, ते बदलत नाहीत, आणि त्यातच कारखान्याचं शहाणपण साठलेलं आहे. गिऱ्हाइकांची नावं आणि पार्ट नंबर झाकायचे, मॉडेल भाड्याचं, मजकूर न साठवण्याच्या करारावर.

दोन गोष्टींवर मात्र जमलं नाही. हे एट-डी वेगळे काढायला क्वालिटीच्या साहेबांचा निदान एक महिना मोकळा हवा, असं पुतणीचं म्हणणं. काकांच्या मते ते संध्याकाळी जास्तीचा तासभर थांबून करतील. दुसरी गोष्ट ड्रॉइंगची. काकांना गिऱ्हाइकांना आधी लेखी विचारायचं होतं.

“विचारलंत तर नाहीच म्हणतील,” पुतणी म्हणाली.

“मग ड्रॉइंग बाहेर ठेवू. न विचारता घातलं आणि ऑडिटला सापडलं, तर पुढची आरएफक्यू शेजारच्या शेडला जाईल.”

“आणि गिऱ्हाईक स्वतःच त्यांच्या पोर्टलवर आपले रिपोर्ट एखाद्या बॉटला वाचायला देत असेल तर?”

“तेही त्याच पत्रात विचारू,” काका म्हणाले. “आपले इन्स्पेक्शन रिपोर्ट आपल्या मालकीचे आहेत.”